हिशेबपट्ट्या निघायला लागल्या की सर्व्हर बसतो: एका प्रोसेसच्या वेगळ्या चुली करताना

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते: ‘सिस्टम बसली.’ तुर्भ्याच्या मार्केटमधल्या गाळ्यांसाठी चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर उदाहरणाला घेऊ. पहाटेपासून आवक नोंदली जाते, काउंटरवर बिलं होतात, सगळं सुरळीत. दुपारी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या (विकलेल्या मालाचा हिशेब) काढायला घेतल्या की थोड्याच वेळात काउंटरच्या स्क्रीनवर ५०२ किंवा ५०४ हा सर्व्हरच्या चुकीचा क्रमांक झळकतो. कुणीतरी सर्व्हिस रीस्टार्ट करतं, गाडी चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रॅम दुप्पट केली की काही दिवस शांतता असते, आवक वाढली की पहिले पाढे पंचावन्न. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणाऱ्या सॉफ्टवेअरला हाच आजार १ तारखेला होतो; दुखणं एकच, वार वेगळा.

पुढचं सगळं या मांडणीला धरून आहे: ४ कोअर, ८ जीबी रॅम, उबंटू २२.०४ किंवा पुढचं, समोर विनंत्या झेलून आत पोचवणारा एन्जिनएक्स, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, मधे पायथनचं ॲप गुनिकॉर्नखाली, जो त्याचे वर्कर, म्हणजे काम करणाऱ्या प्रोसेस, चालवतो. एकाच सर्व्हिसमध्ये चार कामं कोंबलेली: काउंटरच्या वेब विनंत्या, पट्टीची पीडीएफ, शेतकऱ्याला एसएमएस आणि रात्रीचा रोजमेळ. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर मूळ रोमन स्पेलिंगच टाका.

मरतंय की तुंबतंय?

काउंटरवरून दोन्ही सारखंच दिसतं, पण इलाज वेगळे आहेत. ५०२ म्हणजे एन्जिनएक्सने हाक मारली आणि पलीकडे कुणीच नव्हतं. ५०४ म्हणजे पलीकडे कुणीतरी होतं, पण ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’च्या मुदतीत, जी मुळात ६० सेकंद असते, त्याने उत्तर दिलं नाही. आधी एन्जिनएक्सचा एरर लॉग उघडून यातलं काय झालं ते नक्की करा. रीस्टार्ट मारून पुरावा घालवू नका.

५०२ असेल तर ‘जर्नलसीटीएल डॅश के’ने कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश पाहा. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ अशी ओळ दिसली की चोर सापडला. पीडीएफसाठी हेडलेस क्रोमियम, म्हणजे खिडकी न उघडता चालणारं ब्राउझर, वापरलेलं असतं, आणि त्यालाही कारण आहे: साध्या पीडीएफ लायब्रऱ्यांपैकी बऱ्याच जणींना ‘ओतूर’ जमतं, पण ‘जुन्नर’मधलं जोडाक्षर आणि ‘हिशेब’मधली पहिली वेलांटी जागेवर बसवता येत नाही. क्रोमियम ते चोख करतं, पण मेमरीही तशीच खातं. वीस पट्ट्या एकदम काढल्या आणि वीस क्रोमियम उठले की ८ जीबी पुरत नाही.

आता यातली खरी मेख. कर्नल बहुतेक वेळा क्रोमियमच मारतो, तुमचं वेब ॲप नाही. मग काउंटर का बंद पडतं? कारण सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचं ‘ओओएम पॉलिसी’ (मेमरी संपली तर काय करायचं) हे सेटिंग मुळात ‘स्टॉप’ असतं. सर्व्हिसमधली एक पोरगी प्रोसेस जरी मेमरीअभावी मारली गेली, तरी सिस्टमडी अख्खी सर्व्हिस खाली घेतो. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’मध्ये निकाल ‘ओओएम-किल’ दिसतो. म्हणजे पट्टीच्या पीडीएफने काउंटर पाडलं ते मेमरी संपवून नव्हे, एकाच युनिटमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या एकाच सर्व्हिसमध्ये, राहून.

५०४ असेल तर प्रोसेस जिवंत आहे, तुंबली आहे. ‘पाय-स्पाय डंप’ला प्रोसेसचा क्रमांक द्या, प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधला कामाचा एकेक धागा, कोडच्या कुठल्या ओळीवर उभा आहे ते रीस्टार्ट न करता कळतं. दोनच चित्रं वारंवार दिसतात. एक, सगळे थ्रेड एसएमएस गेटवेच्या उत्तराची वाट पाहत बसलेले. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट सांगितला नाही तर ती अनंत काळ थांबते. १६ थ्रेड असतील तर १६ अडकलेल्या एसएमएसनंतर काउंटरला थ्रेडच उरत नाही. दोन, एक थ्रेड मोठी बेरीज-वजाबाकी करतोय आणि बाकीचे जीआयएल या पायथनच्या कुलपासाठी रांगेत. पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीत एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथन कोड चालवू शकतो, त्यामुळे ४ कोअर असूनही एकच राबतो.

पहिल्या चित्रावर तातडीचा उपाय एका ओळीचा आहे: जोडणीला ५ आणि उत्तराला १५ सेकंदांचा टाइमआउट. तो आजच टाका, वेगळेपणाचं नंतर बघू.

कुठे कापायचं

आवक, बिलं, पट्ट्या, खातेवही असे विषय पाहून प्रोसेस पाडण्याचा मोह होतो. तो आवरा. बिल आणि खातेवही डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शन: सगळं लिहिलं जातं किंवा काहीच नाही) लिहिली जातात. त्यांना दोन प्रोसेसमध्ये टाकलं की जे काम एका कमिटमध्ये होत होतं त्यासाठी नेटवर्कवरून निरोप आणि अर्धवट नोंदींची निस्तरणी सुरू होते. कापायचं तिथे, जिथे एकाच्या मरणाने दुसऱ्याने मरू नये, किंवा एकाच्या भुकेने दुसऱ्याने उपाशी राहू नये. इथे चार युनिट पुरतात: वेब, पीडीएफ, एसएमएस, वेळापत्रक. कोड एकच, रेपो एकच, फक्त सुरू करायची आज्ञा वेगळी. मायक्रोसर्व्हिस वगैरे नाव देण्याइतकं हे मोठं काम नाही.

नवं काही करतोय असंही नाही. त्याच मशीनवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर असेल तर ‘पीएस’च्या प्रोसेस यादीत ‘मास्टर’, ‘पिकअप’ आणि ‘क्यूएमजीआर’ वेगवेगळे दिसतील. दूरच्या मशीनवर लॉगिन करवणाऱ्या ओपनएसएसएचने २०२४ च्या ९.८ आवृत्तीत जोडणी ऐकणारा भाग आणि प्रत्येक सेशन सांभाळणारा भाग दोन वेगळ्या बायनरींत टाकले.

मेमरीची वाटणी आधी कागदावर करा. पोस्टग्रेसचे ‘शेअर्ड बफर्स’ २ जीबी. वेबचे ३ वर्कर, प्रत्येकी ३०० एमबी धरून ९००. पीडीएफला २ जीबीची कमाल मर्यादा. एसएमएस आणि वेळापत्रक मिळून ३००. उरलेले पावणेतीन जीबी कर्नल, फाइल कॅश आणि पोस्टग्रेसच्या जोडण्यांसाठी. वर्करचा खरा आकार मोजताना ‘टॉप’मधल्या आरएसएसची (प्रोसेसने रॅममध्ये धरलेली मेमरी) बेरीज करू नका, सामायिक पानं त्यात प्रत्येकाच्या नावावर मोजली जातात. ‘प्रॉक’खाली प्रोसेसच्या फोल्डरमध्ये ‘एसमॅप्स रोलअप’ फाइल असते, तिच्यातला पीएसएसचा (सामायिक पानांचा फक्त वाटा धरणारा) आकडा बेरजेला घ्या.

पीडीएफच्या युनिटमध्ये हे लिहा:

मेमरीहाय = १६००एम
मेमरीमॅक्स = २जी
मेमरीस्वॅपमॅक्स = ०
ओओएमपॉलिसी = कंटिन्यू
सीपीयूवेट = २०
रीस्टार्ट = ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक = ५

स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा, शून्य ठेवण्याचं कारण असं की स्वॅप मिळाला तर ही सर्व्हिस मरत नाही, रखडते, आणि डिस्क घासून पोस्टग्रेसलाही रखडवते. सीपीयूवेट मुळात १०० असतं. २० केल्यावर कोअर मोकळे असतील तेव्हा पीडीएफ हवं तितकं पळते, पण काउंटरला गरज पडली की मागे सरते. ‘कंटिन्यू’ ठेवलं तर क्रोमियम मेल्याचं तुमच्या वर्करला स्वतः ओळखावं लागतं: एक्झिट कोड पाहा, शून्य नसेल तर ते काम ‘फसलं’ म्हणून नोंदवा. तेवढी मेहनत नको असेल तर ‘स्टॉप’च राहू द्या. आता पडेल ते फक्त पीडीएफचं युनिट, आणि ५ सेकंदांत उठेल. एकाच वेळी क्रोमियम दोनच. तिसरा रांगेत.

रांग कशाची

त्यासाठी आणखी एखादं सॉफ्टवेअर आणायची गरज नाही. पोस्टग्रेसमध्ये एक टेबल पुरतं: कामाचा प्रकार, पट्टी क्रमांक, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, कधी उचललं. वर्कर ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ लावून एक ओळ उचलतो. ही सोय ९.५ आवृत्तीपासून आहे. दोन वर्कर एकदम आले तरी एकाने धरलेली ओळ दुसरा ओलांडून पुढची घेतो. ओळ उचलली की स्थिती ‘चालू’ करून लगेच कमिट करा, मग पीडीएफ बनवा. व्यवहार उघडा ठेवून क्रोमियमची वाट पाहिली तर पोस्टग्रेसमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ जोडण्या लटकतात आणि व्हॅक्यूमला जुन्या ओळी साफ करता येत नाहीत.

वर्कर मधेच मेला तर ती ओळ कायम ‘चालू’ राहील. म्हणून दर मिनिटाला १० मिनिटांपेक्षा जुन्या ‘चालू’ ओळी परत रांगेत टाका, आणि ३ प्रयत्नांनंतर ‘बाद’ करा. ही तीनची मर्यादा विसरलात तर एखादी बिघडलेली पट्टी, समजा कुणीतरी शेरा म्हणून मोबाइलचा १२ एमबीचा फोटो चिकटवलेली, वर्करला दिवसभर पुन्हापुन्हा मारत राहते.

पट्टीची नोंद आणि रांगेतली ओळ एकाच व्यवहारात लिहा. रांग रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत माहिती ठेवणाऱ्या वेगळ्या साठ्यात, असेल तर कमिट व्हायच्या आत वर्कर धावत येतो आणि ‘पट्टी सापडली नाही’ म्हणून परत जातो. दहात एकदा होतं आणि सापडता सापडत नाही. रेडिसच वापरायचं असेल तर निरोप कमिटनंतर पाठवा, आणि कॅश व रांग एकाच रेडिसमध्ये ठेवू नका. कॅशसाठी लावलेलं ‘ऑलकीज-एलआरयू’ धोरण मेमरी भरली की रांगेतली कामंही निमूटपणे पुसतं.

एसएमएसच्या बाबतीत दुसऱ्यांदा पाठवणं हे न पाठवण्याइतकंच वाईट. मंचरच्या शेतकऱ्याला एकाच गाडीच्या पैशांचे दोन निरोप गेले की फोन गाळ्यावर येतो. पट्टी क्रमांक आणि निरोपाचा प्रकार या जोडीवर युनिक इंडेक्स टाका, म्हणजे तेच काम दोनदा रांगेत शिरत नाही. गेटवेने स्वीकारून उत्तर मधेच हरवलं तर मात्र हा इंडेक्स वाचवत नाही. टाइमआउट झालेला एसएमएस आपोआप परत पाठवू नका, ‘तपासा’ अशा स्थितीत बाजूला काढा.

वेगळं केल्यावर काय मोडतं

चौघं एका घरात होते तोवर बऱ्याच गोष्टी न मागता वाटून वापरल्या जात होत्या. बिऱ्हाड वेगळं झालं की त्या एकेक करून आठवतात. पुढचे प्रकार वारंवारतेच्या क्रमाने नाहीत, पण पहिले तीन जवळपास प्रत्येकाला भोगावे लागतात.

पट्टीवर मराठीच्या जागी चौकोन येतात. फॉन्ट जुन्या युजरच्या होम फोल्डरमध्ये टाकलेला असतो आणि पीडीएफची सर्व्हिस आता वेगळ्या युजरने चालते. त्या युजरने ‘एफसी-लिस्ट’ चालवून मराठीचे फॉन्ट मागा. यादी रिकामी आली तर नोटो सान्स देवनागरी ‘यूएसआर लोकल शेअर फॉन्ट्स’मध्ये ठेवा, ‘एफसी-कॅश डॅश एफ’ चालवा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

वेबने ‘टेम्प’मध्ये लिहिलेली फाइल पीडीएफला दिसत नाही. युनिटमध्ये ‘प्रायव्हेटटेम्प’ चालू असेल तर प्रत्येक सर्व्हिसचा ‘टेम्प’ स्वतंत्र असतो. सुरक्षेला ते चांगलंच आहे, बंद करू नका. देवाणघेवाणीची फाइल ‘व्हार लिब’खाली दोघांच्या सामायिक ग्रुपच्या फोल्डरमध्ये ठेवा. आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर त्याच फोल्डरमध्ये नाव बदला, नाहीतर दुसरा अर्धी फाइल वाचतो.

‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी.’ पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची, त्यातल्या ३ सुपरयुजरसाठी राखीव. पायथनला डेटाबेसशी जोडणाऱ्या एसक्यूएल-अल्केमीचा पूल (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) प्रत्येक प्रोसेसमागे मुळात ५ अधिक जादा १०, म्हणजे १५ पर्यंत जातो. वेबचे ३ वर्कर, पीडीएफचे २, एसएमएस, वेळापत्रक: ७ प्रोसेस गुणिले १५, १०५ झाले. एका प्रोसेसच्या काळात हा गुणाकारच नव्हता. मर्यादा ५०० वर नेणं हा इलाज नाही, कारण पोस्टग्रेसची प्रत्येक जोडणी स्वतःच एक प्रोसेस आहे. पीडीएफ, एसएमएस आणि वेळापत्रकाला प्रत्येकी १ जोडणी, जादा शून्य. वेब वर्करमागे थ्रेड असतील तेवढ्याच. ४ थ्रेड तर ४. एकूण १६. या आकाराला जोडण्या वाटून देणाऱ्या पीजीबाउन्सरचीही गरज पडत नाही. लावलाच आणि ‘ट्रान्झॅक्शन’ मोडमध्ये ठेवला, तर ‘लिसन’ (डेटाबेसकडून सूचना ऐकणं) आणि सेशनभर धरायची ॲडव्हायझरी लॉक चालणार नाहीत. जोडणीच्या ओळीत प्रत्येकाचं ‘ॲप्लिकेशन नेम’ वेगळं द्या, म्हणजे ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’मध्ये कुणी किती जागा अडवली ते नावानिशी दिसतं.

अधूनमधून ‘डिक्रिप्शन फेल्ड ऑर बॅड रेकॉर्ड मॅक’ अशी चूक येते, किंवा एकाच्या क्वेरीचं उत्तर दुसऱ्याला मिळतं. गुनिकॉर्नला ‘प्रीलोड’ लावलंय, ॲप लोड होतानाच डेटाबेसची जोडणी उघडली जातेय आणि मग फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) होतोय. तिन्ही वर्करच्या हाती एकच सॉकेट (जोडणीचं टोक) येतं. ‘पोस्ट-फोर्क’मध्ये जुना पूल टाकून नवा उघडा. हा दोष मेमरी वाचवायला म्हणून प्रीलोड चालू केल्यावरच उगवतो, त्यामुळे डेटाबेसला दोष दिला जातो.

रोजमेळ तीनदा निघतो. वेळापत्रकाचा थ्रेड ॲपच्या फाइलमध्ये वरच सुरू केलेला असतो. वर्कर ३ झाले की घड्याळंही ३ झाली. तो कोड वेबमधून पूर्ण काढा आणि वेळ सिस्टमडीच्या टायमरवर सोपवा. ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवलं तर रात्री वीज जाऊन यूपीएस संपला तरी मशीन उठल्यावर हुकलेलं काम होतं.

रोजमेळाची तारीख एक दिवस मागे पडते. जुन्या युनिटमध्ये ‘टीझेड’ (टाइमझोन) एशिया/कोलकाता दिलेलं होतं, नव्यात राहून गेलं, आणि मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख आपल्या कालची असते. भाजीपाला मार्केटची सगळी गडबड नेमकी त्याच वेळेत, म्हणजे पहाटे ४ ची आवक आदल्या दिवसात जमा. चारही युनिटना एकच ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ द्या. टायमरच्या ‘ऑनकॅलेंडर’ ओळीतही शेवटी झोनचं नाव लिहा.

दर बदलला तरी पट्टीवर जुनाच येतो. हमाली-तोलाईचे दर प्रोसेसच्या मेमरीत साठवलेले होते. वेबने आपली प्रत बदलली, पीडीएफकडे जुनी राहिली. असली चार-पाच ओळींची माहिती प्रत्येक पट्टीच्या वेळी डेटाबेसमधूनच वाचा. कॅश हटवल्याने होणारा उशीर क्रोमियमच्या वेळेपुढे जाणवतही नाही.

सॉकेटच्या चुका एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये क्रमांकासह येतात. १११ म्हणजे ऐकणारा नाही. १३ म्हणजे सॉकेटला हात लावायची परवानगी नाही. एन्जिनएक्सच्या युजरला सॉकेटच्या ग्रुपमध्ये घाला. २ म्हणजे फाइलच नाही, आणि इथे एक फसवा प्रकार आहे: दोन युनिटना एकच ‘रनटाइमडिरेक्टरी’ दिली असेल तर एक थांबवताच सिस्टमडी ते फोल्डर पुसतो आणि दुसऱ्याचं सॉकेटही त्याबरोबर जातं. प्रत्येकाला वेगळं नाव द्या.

सर्व्हिस उठायचीच बंद होते, ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा सुरू करायचा प्रयत्न झाला की सिस्टमडी नाद सोडतो, आणि रीस्टार्टमधलं मूळ अंतर फक्त १०० मिलिसेकंद असतं. मशीन बूट होताना पोस्टग्रेस अजून तयार नसेल तर हे पाच प्रयत्न डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतात. ‘आफ्टर’मध्ये पोस्टग्रेसचं नाव द्याच, पण रीस्टार्टसेक ५ ठेवलं की मुख्य प्रश्न मिटतो. अडकलेलं युनिट ‘रीसेट-फेल्ड’ करून मग सुरू करा.

थांबवायला सांगितल्यावर दीड मिनिट लागतं. वर्कर सिगटर्म, म्हणजे ‘आवरून थांब’ हा सिग्नल, ऐकत नाही. सिस्टमडी ९० सेकंद वाट पाहून सिगकिल देतो, म्हणजे जबरदस्तीने मारतो. सिगटर्म आला की नवं काम उचलू नये, हातातलं संपवावं आणि बाहेर पडावं, एवढं वर्करमध्ये लिहा. एक पट्टी जास्तीत जास्त २० सेकंद घेत असेल तर ‘टाइमआउटस्टॉपसेक’ ३० पुरे.

नवा कोड टाकतानाचा क्रमही आता महत्त्वाचा. पूर्वी सगळं एकदम बदलत होतं. आता वेबने नव्या पद्धतीची ओळ रांगेत टाकली आणि पीडीएफ वर्कर जुनाच असेल तर तो तिला ‘बाद’ करून टाकतो. आधी वर्कर, मग वेब. नव्या वर्करला जुन्या ओळीही वाचता आल्या पाहिजेत. डेटाबेसमधला एखादा कॉलम काढायचा असेल तर तो दोन्ही बदलल्यानंतरच्या पुढच्या खेपेला.

कशाने फरक पडणार नाही

पट्ट्या निघताना एखादी क्वेरी आख्खं आवक टेबल वाचत असेल किंवा बिलांच्या ओळी लॉक करून बसत असेल, तर प्रोसेस चार करा की चाळीस, काउंटर थांबणारच, कारण भांडण डेटाबेसमध्ये आहे. ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’त ‘वेट इव्हेंट टाइप’ला ‘लॉक’ दिसतंय का ते वेगळेपणाला हात घालण्याआधी पाहा.

तपासणी मार्केट बंद असेल त्या दिवशी करा. दोनशे जुन्या पट्ट्या एकदम रांगेत टाका; एसएमएसचं युनिट बंद ठेवायला विसरू नका. पट्ट्या निघत असताना दुसऱ्या मशीनवरून काउंटरचं बिल करत राहा आणि ‘सिस्टमडी-सीजीटॉप’ (युनिटवार मेमरी दाखवणारी आज्ञा) उघडा ठेवा. पीडीएफच्या ओळीतली मेमरी २ जीबीच्या आत घुटमळली पाहिजे. मग ‘सिस्टमसीटीएल किल’ने पीडीएफच्या युनिटला सिगकिल द्या. ५ सेकंदांनी युनिट परत उठलं, मधेच अडकलेल्या दोन पट्ट्या १०-११ मिनिटांनी रांगेत परतल्या, मोजून दोनशेच पीडीएफ झाल्या आणि या सगळ्या वेळात एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये एकही ५०२ किंवा ५०४ आला नाही, तर सोमवारी गाळे उघडू द्या. पट्ट्या दोनशे एक निघाल्या तर फाइलचं नाव पट्टी क्रमांकावरून ठरतंय की वेळेवरून, तिथून शोध सुरू करा.